सोसायटीचे सभासद आणि सोसायटीतली माणसे

ठाण्यात 'सोसायटी' हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानांवर पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा बदललेला असतो. 'आमच्या सोसायटीत आज पाणी आले नाही' असे म्हणताना सोसायटी ही एक जागा असते, 'ही गच्ची सोसायटीची आहे' असे म्हणताना ती मालक होते आणि 'सोसायटीने नोटीस लावली' असे म्हणताना त्या शब्दाआड कमिटीतली पाच-सात माणसे उभी असतात. पाचपाखाडी असो की घोडबंदर रस्ता, प्रवेशद्वारावरच्या पाटीवर इमारतीच्या नावापुढे 'को-ऑप. हौ. सो. लि.' ही अक्षरे असतात आणि त्यांतले 'सो.' म्हणजे सोसायटी. सातारा-सांगलीकडून ठाण्यात येऊन स्थायिक झालेल्या माणसाला याच शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो, कारण गावाकडे 'सोसायटीचे कर्ज' म्हणजे विकास सोसायटीकडून घेतलेले पीककर्ज. इतके अर्थ वागवणाऱ्या या शब्दाचा जो मूळ अर्थ, म्हणजे सोबत असलेली माणसे, तो मात्र आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या कारभारातून बाजूला पडला आहे. त्याचे परिणाम शहरात घर शोधणाऱ्या हजारो कुटुंबांना भोगावे लागतात, म्हणून या शब्दाचा विचार हा केवळ भाषेचा विषय नाही, असे मला वाटते.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'सोकिउस' म्हणजे सोबती, साथीदार, आणि त्यावरून 'सोकिएतास' म्हणजे सोबत किंवा भागीदारी. त्याच्या मुळाशी 'मागोमाग जाणे, बरोबर चालणे' अशा अर्थाचा एक प्राचीन धातू आहे. इंग्रजीतले 'सेकंड' आणि 'सीक्वेल' हे शब्दही त्याच धातूपासून निघाले आहेत. हाच धातू संस्कृतात 'सच्' म्हणून भेटतो. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताचा शेवट 'सचस्वा नः स्वस्तये' असा आहे, म्हणजे आमच्या कल्याणासाठी आमच्या सोबत राहा, अशी अग्नीला केलेली विनवणी. या 'सच्'पासून 'सचिव' हा शब्द झाला. राजाच्या बरोबर असणारा तो सचिव, आणि म्हणून त्याचा सल्लागार. 'सखा' हा शब्दही याच कुळातला. म्हणजे आपण सोसायटीचा सचिव असे म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या भाषांतून आलेली एकाच घराण्यातली दोन माणसे शेजारी उभी करतो. इंग्रजीतला 'असोसिएट' आणि आपल्या उपविधींतला, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतला, 'असोसिएट मेंबर', अर्थात सहयोगी सभासद, हेही त्याच घराण्यातले.

पण सोबती असणे म्हणजे बरोबरीचे असणे नव्हे, हे रोमच्या इतिहासात फार लवकर दिसले. इटलीतल्या ज्या नगरांशी आणि जमातींशी रोमचे तह झाले होते, त्यांना रोमन लोक 'सोकिई', म्हणजे मित्र, म्हणत. युद्धाच्या वेळी हे मित्र आपल्या तुकड्या पाठवत आणि त्या रोमन पलटणींच्या बरोबरीने लढत व मरत. ज्या युद्धात त्यांचे रक्त सांडायचे ते पुकारायचे की नाही, हे ठरवताना मात्र त्यांना मत नव्हते, कारण ते रोमचे नागरिक नव्हते. त्यांना नागरिकत्व द्यावे असा प्रस्ताव मांडणाऱ्या मार्कुस लिवियुस ड्रुसुस या लोकाधिकाऱ्याचा इ.स.पू. 91 मध्ये खून झाला आणि इटलीत बंड पेटले. बंडखोरांनी कॉर्फिनियम या गावाला 'इटालिका' असे नवे नाव देऊन आपली राजधानी केले आणि स्वतःची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर रोमच्या लांडगिणीला शिंगांवर घेणारा इटलीचा बैल आहे. दुसऱ्याच वर्षी रोमला कायदा करून, निष्ठावंत राहिलेल्या मित्रांना नागरिकत्व द्यावे लागले आणि पुढे ते बंडखोरांपर्यंतही पोहोचले. इंग्रजीत या युद्धाला 'सोशल वॉर' म्हणतात. त्यातल्या 'सोशल'चा अर्थ 'सामाजिक' असा नसून 'मित्रांचे' असा आहे. जे सोबत राहतात, भार उचलतात, पण ज्यांना मत नसते, अशांचा प्रश्न या शब्दाला जन्मापासून चिकटलेला आहे. ठाण्यातल्या भाडेकरूंविषयी लिहिताना मला या युद्धाची आठवण होते, ती त्यामुळे.

इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द रुळला तेव्हा त्याचा अर्थ सोबत, संगत असाच होता. नंतर त्याला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर, एका हेतूने स्वखुशीने एकत्र आलेल्यांचे मंडळ असा अर्थ वाढला. लंडनची 1660 मधली रॉयल सोसायटी किंवा कलकत्त्याची 1784 मधली एशियाटिक सोसायटी ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या फांदीवर, एका प्रदेशात नांदणारी सगळीच माणसे असा अर्थ आला. पहिल्या अर्थाच्या सोसायटीत कोणाला घ्यायचे हे आपण ठरवतो. दुसऱ्या अर्थाच्या सोसायटीत आपण जन्माला येतो, शेजारी कोण असावा याची निवड तेथे नसते. मराठीने एकोणिसाव्या शतकात दोन्ही अर्थांना 'समाज' हा एकच शब्द लावला. प्रार्थना समाज 1867 चा, सत्यशोधक समाज 1873 चा, आणि गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेली 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी' मराठीत 'भारत सेवक समाज' झाली. पुढे मंडळाच्या अर्थी 'संस्था' हा शब्द पक्का झाला आणि 'समाज' सर्वांसाठी उरला. कागदोपत्री आपण 'सहकारी गृहनिर्माण संस्था' म्हणतो, ते मंडळाच्या अर्थाने. गृहनिर्माण संस्थांचा आजचा वाद या दोन फांद्यांमधला आहे.

सहकारातली सोसायटी ही पहिल्या फांदीवरची, पण तिने जाणीवपूर्वक आपली दारे उघडी ठेवली होती. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 1844 च्या डिसेंबरात विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून, 28 जणांनी, पीठ, लोणी, साखर असल्या जिनसांचे एक दुकान काढले आणि आपल्या मंडळाला 'रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स' असे नाव दिले. जगभरच्या सहकाराने त्यांना आद्य मानले ते दुकानापेक्षा त्यांच्या नियमांमुळे. भांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत, सभासदत्व खुले, आणि धर्म व राजकारण यांबाबत तटस्थता. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने 1995 मध्ये मँचेस्टरला सहकाराची तत्त्वे नव्याने मांडली, तेव्हाही पहिले तत्त्व स्वेच्छेचे आणि खुले सभासदत्व हेच होते, तेही लिंग, सामाजिक दर्जा, वंश, राजकीय मत किंवा धर्म यांवरून भेदभाव न करता. आपल्याकडे 1904 चा पतसंस्थांचा कायदा, 1912 चा व्यापक कायदा, मुंबई प्रांताचा 1925 चा कायदा आणि अखेर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 या पायऱ्यांनी ही कल्पना रुजली. 1960 च्या अधिनियमाच्या कलम 23 मध्ये, पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, असे खुल्या सभासदत्वाचे तत्त्व घातलेले आहे.

प्रत्यक्षात मात्र गृहनिर्माणाच्या सहकाराची सुरुवात जातीजातींच्या वसाहतींनी झाली, हे मान्य करायला हवे. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये स्थापन झालेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक, आणि ती एका ज्ञातीची होती. परक्या शहरात आलेल्या माणसांनी ओळखीच्यांच्या आधाराने घरे उभी केली, यात त्या काळी गैर काही नव्हते. त्यांनी जमीन स्वतः घेतली, कर्ज स्वतः काढले आणि एकमेकांना निवडले. अशी संस्था खऱ्या अर्थाने मंडळ असते.

ठाण्यातली आजची सोसायटी अशी जन्माला येत नाही. महाराष्ट्रात 1963 च्या मालकी सदनिका कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे मोफा म्हणतात त्याने, बिल्डरवर सदनिका घेणाऱ्यांची संस्था नोंदवण्याची आणि जमीन व इमारत तिच्या नावे करून देण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे आधी इमारत, मग बुकिंग, मग ताबा आणि मग सोसायटी. घर घेणाऱ्याने बँकेचे कर्ज, स्टेशनचे अंतर आणि मुलांची शाळा पाहून सदनिका निवडलेली असते. वरच्या मजल्यावर कोण राहणार हे त्याने ठरवलेले नसते आणि ते विचारण्याचा अधिकारही त्याला नसतो. बहुमजली इमारतीत घर घ्यायचे तर सोसायटीचे सभासद होण्यावाचून सहसा गत्यंतर नाही. जिच्यात शिरल्याशिवाय शहरात घरच मिळत नाही, ती संघटना स्वखुशीचे मंडळ कशी म्हणावी? कायद्याने तिला मंडळाचे कपडे घातले आहेत, पण काम ती समाजाचे करते. पाणी वाटते, कचरा उचलते, वाहने कोठे उभी राहावीत हे ठरवते, मुलांनी कोठे खेळावे हे ठरवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवते. या अर्थाने ती नगरपालिकेच्या खालचा एक थर आहे.

हा फरक न मानल्यामुळे काय होते ते 2005 च्या एका निकालात दिसते. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या उपविधीप्रमाणे सभासदत्व पारशांपुरते मर्यादित होते. सर्वोच्च न्यायालयाने हा उपविधी वैध ठरवला. एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यात कोणाबरोबर एकत्र यायचे हे ठरवणेही येते, आणि संविधानातले मूलभूत हक्क अशा खासगी संस्थेच्या उपविधींविरुद्ध वापरता येत नाहीत, असा त्या विचाराचा गाभा होता. पुढे 97 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19 मधल्या संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात 'सहकारी संस्था' हे शब्दही आले. पारशांसारख्या लहान समाजाने स्वतः जमीन घेऊन वसवलेल्या वसाहतीपुरता हा युक्तिवाद मला समजू शकतो. पण बिल्डरने खुल्या बाजारात विकलेल्या सदनिकांच्या इमारतीला तो लावणे म्हणजे शब्दाच्या एका अर्थाचे हक्क दुसऱ्या अर्थाच्या संघटनेच्या हाती देणे आहे, आणि तेथे माझा विरोध आहे.

अर्थात ठाण्यात असा उपविधी लिहून कोणी ठेवत नाही. नकार तोंडी येतो आणि बहुतेक वेळा तो एजंटच्या तोंडून येतो. एजंट फोनवर आडनाव विचारतो, मग 'फॅमिली आहे ना?', मग 'व्हेज की नॉनव्हेज?', आणि शेवटी 'सोसायटीचा प्रॉब्लेम आहे, मालकाला काही अडचण नाही' असे सांगून दुसरे घर दाखवण्याचे आश्वासन देतो. घरमालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटीकडे गेलात तर सचिव 'आम्ही असे काही ठरवलेले नाही' म्हणतात, आणि ज्या माणसाला घर नाकारले गेले त्याच्या हातात एक ओळीचा कागदही नसतो. मुसलमान कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, नोकरीसाठी आलेली अविवाहित मुले, घटस्फोटित आई आणि तिचे मूल, या सगळ्यांना हा अनुभव येतो. ठाण्याला खेटून असलेल्या मुलुंडमध्ये 2023 मध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा आपण सारे संतापलो आणि तो संताप रास्त होता. पण मराठी म्हणून नकार मिळाला तर अन्याय आणि मराठी सचिवाने दुसऱ्या कोणाला नकार दिला तर सोसायटीचा नियम, ही भूमिका मला मान्य नाही. दोन्हीकडे यंत्रणा एकच आहे आणि ती मोडायची असेल तर दोन्हीकडे मोडावी लागेल.

येथे बहुसंख्य कमिट्यांना ठाऊक नसलेली किंवा सोयीने विसरलेली एक गोष्ट सांगतो. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने आगाऊ कळवायचे, लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढेच. 'भाडेकरूची मुलाखत' नावाचा जो प्रकार अनेक ठिकाणी चालतो, ज्यात नवरा-बायकोला ऑफिसात बोलावून लग्नाचा दाखला मागितला जातो, त्याला या तरतुदीत कोणताही आधार नाही.

आता भाडेकरू एकदाचा राहायला आला असे समजू. त्याच्या घराचे देखभाल शुल्क, म्हणजे मेंटेनन्स, भाड्याच्या रूपाने तोच भरतो. त्याच्यामुळे घरमालकाला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, भरावे लागते, तेही शेवटी भाड्यातच मिळवले जाते. लिफ्ट बंद पडली तर सहाव्या मजल्यावर चढून तोच जातो, घरमालक दुसऱ्या शहरात असतो. टँकरचे पाणी किती वाजता सोडायचे, गच्चीवर कपडे वाळत घालायचे की नाही, दिव्यांगासाठी जिन्याशेजारी उतार बांधायचा की नाही, यांवर वार्षिक सभेत चर्चा होते तेव्हा तो सभागृहाबाहेर असतो. त्याला फार तर नाममात्र सभासद करून घेतले जाते, आणि नाममात्र सभासदाला मत नसते. ज्या सभेत त्याच्याविषयी ठराव होतात ती अनेकदा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन मग असतील तेवढ्या सभासदांवर भरते. म्हणजे मत असलेले येत नाहीत आणि येऊ इच्छिणाऱ्यांना मत नाही.

घरकाम करणाऱ्या बायका, सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि सामान पोहोचवणारी मुले यांचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण ती येथे राहत नाहीत. तरी दिवसातले सहा-आठ तास त्यांच्या श्रमावर इमारत चालते. त्यांच्यासाठी 'सर्व्हिस लिफ्ट'ची वेगळी पाटी लावणे, त्यांना बसायला जागा आणि वापरायला शौचालय नसणे, हे कोणत्याही उपविधीने बंधनकारक केलेले नाही. ते आपण सवयीने करतो, आणि त्या सवयीला जातीचा वास आहे, असे मी विचारपूर्वक लिहितो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सदनिका ज्याने आयुष्याची कमाई घालून घेतली, ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचे कर्ज आहे, त्याच्या बरोबरीने अकरा महिन्यांच्या कराराने आलेल्या माणसाने मत का द्यावे? पुनर्विकासाच्या बाबतीत मी हा आक्षेप पूर्णपणे मान्य करतो. नौपाड्यात जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. विकासक कोण, वाढीव क्षेत्र किती, जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे की नाही, हे प्रश्न मालकीचे आहेत आणि त्यांवर मालकांचेच मत असावे. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या खर्चासाठी साठवलेला निधी, मोठी दुरुस्ती, कर्ज हेही तसेच. पण सोसायटीचा बहुतांश कारभार मालकीचा नसतोच, तो रोजच्या राहण्याचा असतो, आणि राहण्याच्या प्रश्नात राहणाऱ्याचा अनुभव मालकीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. सुरक्षिततेचा दुसरा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. करार नोंदणीकृत आहे, पोलिसांना माहिती दिलेली आहे, त्यापलीकडे आडनाव आणि ताटातले जेवण पाहून कोणाची सुरक्षितता वाढते?

राज्य सरकारने 2019 मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, म्हणजे या संस्था साखर कारखाने आणि पतपेढ्यांपेक्षा वेगळ्या आहेत हे तत्त्वतः मान्य केले. आता पुढचे पाऊल टाकावे. खुल्या बाजारात विकलेल्या सदनिकांच्या संस्थेला धर्म, जात, भाषा, आहार किंवा वैवाहिक स्थिती यांवरून घर विकण्यास वा भाड्याने देण्यास अडथळा आणता येणार नाही, हे केवळ उपविधींत न ठेवता कायद्यात, शिक्षेसह लिहावे. संस्थेचा कोणताही नकार किंवा हरकत लेखी आणि कारणासह द्यावी लागेल अशी सक्ती असावी, कारण तोंडी नकाराविरुद्ध उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, दाद मागणे फार अवघड जाते. वर्षाहून अधिक काळ राहणाऱ्या परवानाधारकाला, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवरच्या भाडेकरूला, रोजच्या सोयींच्या विषयांवर सभेत बोलण्याचा आणि त्या विषयांपुरता मत देण्याचा अधिकार मिळावा.

कायदा बदलण्याची वाट पाहावी लागू नये अशाही काही गोष्टी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस सगळीकडे फळ्यावर लागतेच. त्या नोटिशीखाली, राहणाऱ्या सर्वांसाठी त्याच दिवशी सभेआधी एक तासाची खुली बैठक ठेवल्याची ओळ घालायला उपनिबंधकाची परवानगी लागत नाही. त्या बैठकीत भाडेकरूंनी मांडलेले पाणी, लिफ्ट, पार्किंग आणि कचऱ्याचे प्रश्न सचिवांनी लिहून घ्यावेत, ते सभेपुढे वाचावेत आणि त्यांवर झालेला निर्णय इतिवृत्तात नोंदवून पुन्हा त्याच फळ्यावर लावावा.